कट म्हणेपर्यंत मेलेलं राहायचं

संपादकबाईंचा फोन आला, "नाना, दिवाळीसाठी तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. नटनट्यांचे किस्से येऊ द्या." आता हे आधीच सांगून टाकतो की माझ्याकडं नटनट्यांचे किस्से नाहीत. नट मी लांबून पाहिले, छत्रीखाली बसलेले. माझा संबंध आला तो छत्रीबाहेर उन्हात उभ्या राहणाऱ्यांशी.

भोरमध्ये राहून मी सिनेमावाल्यांना माणसं पुरवली. नायकाच्या मागं बाजार भरलेला दिसतो, वरात दिसते, मोर्चा दिसतो, ती माणसं आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी पहाटे उठून भोंगवलीपासून पासलीपर्यंत टेम्पो फिरवून ती गोळा केलेली असतात. तो कुणीतरी म्हणजे मी. आता गुडघे गेले आणि पुतण्या बघतो, पण अजून कुणाला दोनशे माणसं लागली की फोन मलाच येतो. चारचौघांत मी फुशारकी मारत नाही, पण कोणत्या गावात कोणाला दाढी आहे, कोणाला म्हैस विणार म्हणून येता येणार नाही आणि कोण सेटवर पिऊन येईल, हे मला पाठ आहे.

धंदा दिसायला सोपा. माणसं आणा, उभी करा, जेवू घाला, परत सोडा. खरी मेख पुढं आहे. आज ज्यानं लाल टोपी घातली त्यानं उद्याही तीच लाल टोपी घालून त्याच जागी उभं राहायचं, नाहीतर पडद्यावर माणूस दाराबाहेर एका टोपीत आणि दाराआत दुसऱ्या. ह्याला कंटिन्युइटी म्हणतात. एकदा बाजाराच्या सीनच्या मधल्या रात्रीत माझ्या तीन माणसांनी गावात सुतक आलं म्हणून डोकी भादरली. दुसऱ्या दिवशी तिघांना फेटे बांधून कडेला बसवलं आणि दिग्दर्शकाला म्हणालो, पाहुणे आलेत.

मरणाचे सीन तर विचारू नका. एका सिनेमात बायकांना विधवा करायचं होतं. कपाळ मोकळं हवं. बायका म्हणाल्या, "नवरा जिता हाय, कुकू पुसायची न्हाई." मुंबईची मेकअपवाली हात जोडून बसली. मी म्हणालो, पुसू नका, वरून रंग लावा. कुंकू आत राहील, बाहेरून दिसणार नाही. सगळ्या तयार झाल्या. तेव्हापासून माझा एक नेम झाला. पडद्यावर कुणी मेलं की शॉट संपल्यावर त्याला हातावर गुळाचा खडा द्यायचा, मगच घरी सोडायचं. शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही, मीच काढलेलं आहे. आणि मेलेल्यांना एकच सूचना: मुंगी चावो, शिंक येवो, कट म्हणेपर्यंत मेलेलंच राहायचं.

ह्या सूचनेनंच पुढं घात केला म्हणा, नाहीतर भलं केलं म्हणा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

झॉम्बीचा सिनेमा आला तेव्हाची गोष्ट. झॉम्बी म्हणजे मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि जित्यांना चावतात. मूळ सिनेमा परदेशी, हा त्याचा रिमेक. दिग्दर्शक तरुण, मराठी, हुशार. त्याच्या हातात सदान्‌कदा एक टॅब, त्यात मूळ सिनेमा. मूळ सिनेमात माणूस डावीकडून आला तर इथंही डावीकडूनच यायला हवा. त्याला मी सहज विचारलं, "सगळं तसंच करायचं तर परत कशाला करायचं?" तो हसला नाही. म्हणाला, "नाना, हक्क देताना त्यांनी तशीच अट घातलीय."

जागा ठरली वेल्ह्याच्या बाजूला, धरणाच्या पोटात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथली बुडालेली वाडी वर येते. घरं नाहीत, घरांची जोती दिसतात, उखळं दिसतात, एखादं जातं दिसतं. वाळलेल्या गाळाला भेगा पडलेल्या. त्या गाळातून शंभर मढी उठून कॅमेऱ्याकडं चालत येणार. दिग्दर्शक जागेवर खूश. मी माणसं आणली ती तिथलीच, वाडी उठल्यावर वर डोंगराला शेडं टाकून राहिलेली आणि आसपास दिलेल्या लेकी.

चालायचं कसं हे शिकवायला मुंबईची एक पोरगी आली होती. मान वाकडी करा, पाय ओढा, नजर मेलेली ठेवा. माणसं हसून लोळायला लागली. अर्धा दिवस गेला. शेवटी मी पुढं झालो आणि म्हणालो, "दिवसभर भाताची आवणी करून, चिखलातनं, सांजच्याला घरी कसं येता? तसं चाला." शंभर माणसं अशी चालली की त्या पोरीनं वही मिटली.

पहिल्या टेकला दुसरीच भानगड. मढी सरळ येता येता मधेच फाकली, मोकळ्या जागेला वळसा घालून पलीकडं परत एक झाली. तीन वेळा घेतलं, तीन वेळा तेच. दोघीतिघींनी तर त्या जागेजवळ पायातलं काढलं. दिग्दर्शक टॅब आपटायच्या बेतात. मी जाऊन विचारलं, तर कळलं तिथं म्हसोबा होता. दगड वर नेलाय, पण जागा त्याचीच.

"अहो, पण ती मेलेली आहेत!" दिग्दर्शक म्हणाला.

"मेली म्हणून काय झालं?" माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली. "मेल्यावर तर जास्तच जपाया पायजेल."

कॅमेरा दहा पावलं सरकवला. माणसं सरळ आली.

ह्या शंभरांत एक धोंडिबा, माझ्याकडं बरीच वर्षं गर्दीत उभा राहिलेला. साठीचा, उंच, गालफडं बसलेली. मेकअपवाल्यानं त्याला पाहिलं आणि म्हणाला, ह्याला फार काही करावंच लागणार नाही. त्याला मढ्यांचा पुढारी केला. सगळ्यांत पुढं तो, क्लोजअप त्याचा, दोन दिवसांचं काम त्याच्या चेहऱ्यावर झालेलं. बायको वारलेली. एकुलती एक लेक सुमन, पासलीला दिलेली, तीही ह्याच गर्दीत त्याच्या मागं मढं होऊन चालत होती. आणि एक धाकटा भाऊ मारुती, तिकडं दौंडच्या बाजूला, जिथं वाडीतल्या काहींना जमिनी मिळाल्या तिथं.

दोघा भावांचं बोलणं अकरा वर्षं बंद. कारण देव. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेले घरचे देव, आमच्याकडं थोरल्याच्या घरात राहतात. पाणी चढायला लागलं तेव्हा मारुती म्हणाला, "देव काय पत्र्याच्या शेडात ठिवायचं? म्या नेतो, तिकडं पक्कं घर हाय." धोंडिबा म्हणाला, "देव हितलं हायेत." दुसऱ्या दिवशी धोंडिबा गुरं घेऊन रानात गेला आणि मारुतीनं टाक फडक्यात बांधून टेम्पोत घातले. त्या दिवसापासून तोंड बघणं नाही. धोंडिबा रिकाम्या देव्हाऱ्यात दिवा लावायचा.

शूटिंगच्या चौथ्या दिवशी मढी न्याहारीला बसली होती. सिनेमातलं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग. धोंडिबाच्या टाळूवर जी फाटकी जखम होती ती मैदा, कापूस आणि तो पाक ह्यांची. माणसाला घाण वाटावी अशी, पण कावळ्याला ती मेजवानी. धोंडिबा पोह्याचा घास तोंडात घालतोय तोच वरून कावळा आला, डोक्यावर बसला, टोच मारून जखमेचा तुकडा घेऊन गेला.

हशा पिकला. मुंबईची हसली, गावची हसली नाहीत. धोंडिबानं ताटली खाली ठेवली.

शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, अशी आमच्याकडं समजूत. त्यावर तोडगा आहे. जवळच्या नातलगाला निरोप धाडायचा की हा माणूस गेला. त्यानं खरं समजून रडायचं. एकदा रडून झालं की मरण वसूल झालं, माणूस सुटला. मग दुसरा निरोप: खोटं होतं, कावळा शिवला होता. आधी कळून उपयोग नाही. रडू खरं पाहिजे.

मी त्याला म्हणालो, "अरे धोंडिबा, कावळा मैद्याला आला. तुला कुठं शिवला?"

"कावळ्याला काय ठावं, खरं काय आन् खोटं काय," तो म्हणाला. "शिवला म्हंजी शिवला. आता म्या मढ्याचं सोंग घेनार न्हाई, नाना. निरोप जाऊ द्या, कुनीतरी रडू द्या, मग बघू."

आता आली का पंचाईत. पुढारी मढंच नाही म्हणतंय. चेहरा बदलायचा तर दोन दिवसांचं काम वाया, आणि पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकाला कॅमेरे परत करायचे होते. तो माझ्याकडं बघतोय. मी मनात नातलग मोजायला लागलो. लेक तर मांडीला मांडी लावून बसलेली, तिला काय फसवणार? रक्ताचं उरलं एकच.

"मारुतीला कळवू?" मी विचारलं.

धोंडिबा म्हणाला, "त्यो काय रडतोय." पण हात बंडीत गेला. आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमधून एक चिठोरं काढलं. त्यावर नंबर होता. एक खोडलेला, खाली दुसरा, तोही खोडलेला, खाली तिसरा. न बोलणाऱ्या भावानं नंबर बदलला की हा कुठून तरी मिळवून लिहून ठेवत होता.

खाली रेंज नाही. मी रस्त्याच्या वळणापर्यंत चढून गेलो आणि फोन लावला. अशा कामाला आवाज कसा काढायचा ते मला ठाऊक होतं; इतकी माणसं रडवली आहेत मी पैसे देऊन. म्हणालो, "मारुती, भोरचा नाना बोलतोय. धोंडिबा गेला रे. सकाळीच. खाली वाडीतच."

पलीकडं काही नाही. हुंदका नाही, शब्द नाही. मग फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, खरं सांगून टाकावं म्हणून. उचलेना. दहा मिनिटं लावत राहिलो. खालून दिग्दर्शकाचा माणूस हात हलवून बोलावत होता.

उतरलो तसा धोंडिबा उठून उभा राहिला. "रडला?"

"रडला."

"तुमी आयकलं?"

"ऐकलं की. मोठ्यानं रडला."

बोललो खोटं. कामासाठी बोललो. शंभर माणसं उन्हात, कॅमेरा तयार, दिग्दर्शक घड्याळात बघतोय, अशा वेळी माणूस जे बोलतो ते बोललो. धोंडिबानं माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

दुपारी मोठा शॉट लागला. शंभर मढी गाळातून निघाली, धोंडिबा पुढं. पाय ओढत, मान टाकून, पांढऱ्या बुबुळांची. कुणी हसत नाही, कुणी वळसा घालत नाही. दिग्दर्शक टॅबकडं बघतोय आणि मान डोलावतोय. एवढ्यात रस्त्याच्या अंगानं आरोळी आली, "दादाऽऽ!"

पांढरी टोपी, धूळ खाल्लेला सदरा, एक माणूस उतारावरून पळत येत होता. मारुती. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून थेट दौंडहून आला होता. त्याच्यासमोर रक्तानं माखलेली शंभर मेलेली माणसं चालत येत होती. दुसरा कुणी असता तर बोंब ठोकून पळाला असता. तो आत शिरला. एकेकाचं तोंड बघत, ढकलत, "माझा दादा कुठं हाय? माझ्या दादाला कुठं ठिवलाय?" असं ओरडत, रडत. नाकातोंडातून पाणी चाललेलं. मग त्याला धोंडिबा दिसला.

त्यानं त्याचे दोन्ही खांदे धरले. धोंडिबाच्या डोक्यावर जखम, डोळे पांढरे. आणि धोंडिबा हूं की चूं करेना. भाऊ समोर छाती पिटतोय आणि हा मान वाकडी करून पाय ओढत त्याला ढकलत पुढंच चाललाय. कारण मी सांगितलेलं, कट म्हणेपर्यंत मेलेलं राहायचं.

मी दिग्दर्शकाकडं पाहिलं. तो उभा राहिला होता. टॅब खुर्चीत पडलेला. "कट म्हणा की, साहेब!" मी म्हणालो. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

शेवटी धोंडिबाच थांबला. एवढी वर्षं माझ्या हाताखाली काम केलेल्या माणसानं पहिल्यांदा नेम मोडला. मान सरळ केली आणि अकरा वर्षांत भावाशी पहिला शब्द बोलला.

"रडला का रं?"

मारुतीला कळेना. मग कळलं. त्यानं थोरल्या भावाच्या एक थोबाडीत दिली, मैदा उडाला. मग गळ्यात पडला. "मुडद्या, जिता हायेस!" म्हणत रडतोय, हसतोय, शिव्या घालतोय. मागं सुमन मढ्याच्या वेषात हमसून रडत होती. माझं खोटं धोंडिबाला कळलंच असणार, पण त्यानं ते कधी काढलं नाही. मी दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मारुतीनं विचारलं, "मला का?" म्हणालो, खा, तूही शॉटमध्ये आलास.

त्या दुपारी दोघं आपल्या बुडालेल्या घराच्या जोत्यावर बसून राहिले. ठरलं असं की नवरात्रात मारुती देव परत आणणार, आणि घट पहिल्यासारखे इथंच बसणार. मी स्वतःवर खूश होतो. घरी येऊन बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं. ती म्हणाली, "मरणाचा निरोप खोटा धाडू नये हो." मी म्हणालो, तुला काय कळतं.

भाद्रपदात धोंडिबा गेला. खरा गेला. भात पोटरीला आलेलं, बांधावर बसला तो उठलाच नाही. सुमनचा मला फोन आला. मी जाऊन पोचलो, वळणावर चढलो, त्याच जागी उभा राहून तोच नंबर लावला.

"मारुती, धोंडिबा गेला रे."

तो हसला. मोकळा, मोठा हसला. "नाना, आता कावळा कुनाच्या डोस्क्यावर बसला? दादाला म्हनावं, नवरात्राला येतोय देव घिऊन, तवर दम धर."

"अरे देवाशपथ सांगतो, खरंच गेला."

"तवा बी तुमी आसंच बोलला हुता," म्हणाला, आणि ठेवला.

सुमननं लावला. ती पोर माझ्याशेजारी वळणावर उभी राहून रडत बोलत होती. तो म्हणाला, "तू बी सिनेमात हुतीस की गं. चांगली रडतीस." त्यानंतर फोन कुणी उचलेना; मागाहून कळलं, मारुती तो घरी चार्जिंगला लावून उसाला पाणी द्यायला गेला होता.

आम्ही दुपार टळेपर्यंत थांबलो. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. अग्नी सुमननं दिला. मी बाजूला उभा होतो. इतक्या वर्षांत मला लोकांनी फसवा म्हटलंय, लबाड म्हटलंय, मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही आणि मला मान वर करवेना. जो आवाज मी काम उरकायला वापरला होता, तोच खरं सांगायला उरला नव्हता.

दौंडकडच्या वाडीवाल्यांकडून खरं कळलं, तसा मारुती तिसऱ्या दिवशी राख सावडायला आला. डोळे कोरडे. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. सगळ्यांना वाटत होतं, कावळा काही लवकर शिवायचा नाही. धोंडिबाचा जीव देवांत अडकलेला. मारुतीला पुढं घातला. "देव आनतो म्हनून सांग, मग शिवंल." त्यानं हात जोडले, तोंड उघडलं आणि शब्द निघायच्या आत कावळा खाली आला. पिंडाला चोच मारली, घास घेऊन उडाला. माणसं "सुटला, सुटला" म्हणत उठली.

मारुती तिथंच बसलेला. म्हणाला, "नाना, मला बोलू बी दिलं न्हाई."

मी म्हणालो, "त्याचं काही राहिलं नव्हतं रे. त्या दिवशी वाडीतच भागलं त्याचं."

"त्येचं भागलं," तो म्हणाला. "माझं कुठं भागलं?"

 

देव त्यानं नवरात्राला आणले. आता दरसाल येतो, घट बसवतो, नऊ दिवस सुमनबरोबर त्या शेडात राहतो. सिनेमा पुढच्या वर्षी आला. चालला म्हणे बरा. मूळ सिनेमात नसलेला एकच शॉट त्यात आहे, दिग्दर्शकानं भांडून ठेवलेला. मढ्यांच्या गर्दीत पांढऱ्या टोपीचा जिता माणूस शिरतो आणि एका मढ्याचे खांदे धरतो. मढं मान सरळ करतं, त्याचे ओठ हलतात. धोंडिबाचे शब्द काढून त्या जागी गुरगुर घातलीय. भोरला थेटरात त्या जागी लोक किंचाळले. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

त्या नवरात्रात मी मोबाईल घेऊन वर गेलो. मारुती देव्हाऱ्यापुढं बसला होता. त्याला तो शॉट लावून दिला. त्यानं पूर्ण पाहिला. भाऊ चालत आला, थांबला, ओठ हलले, गुरगुर झाली.

"परत लावा," तो म्हणाला.

मी परत लावला. ह्या वेळी ओठ हलले तसा तो पार काचेवर वाकला.

"रडलो रं दादा," म्हणाला. "लई रडलो."